चोर वर असतो

माझ्या भावाने फोडलेली डोकी मीच शिवत आले. तो पाटकरी, मी दवाखान्यात पट्ट्या बांधणारी. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, तोही रस्ता वाहून गेला नसेल तर. एरवी सुई, टाके, मलम, सगळं माझ्याच हातचं. दादाने खोऱ्याच्या दांड्याने एखाद्याचं टाळकं उघडायचं आणि मी ते बंद करायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. लोक म्हणायचे, भाऊ गिऱ्हाईक आणतो आणि बहीण दुकान चालवते. मला त्या विनोदाचा राग यायचा, कारण तो खरा होता.

आमच्या गावाच्या डोक्यावर डोंगर आहेत आणि डोंगरांच्या माथ्यावर बर्फ. उन्हाळ्यात ते वितळतं, त्याचा ओढा होतो, आणि त्या ओढ्यातून काढलेल्या एका पाटावर दोन वस्त्या जगतात, वरची आणि आमची खालची. पाऊस नावापुरता. बटाटा, वाटाणा, सफरचंदाची झाडं, गुरांचा चारा, सगळं त्या पाटावर. सकाळी पाणी बारीक असतं, कारण रात्री बर्फ गोठलेलं असतं. ऊन चढलं की ओढा फुगत जातो. वरच्यांची शेती थोडी, म्हणून सकाळचं बारीक पाणी त्यांचं. आमची जास्त, म्हणून दुपारनंतरचं भरलेलं पाणी आमचं. दुपारी वरच्यांनी आपल्या शेतांकडे वळणाऱ्या फाट्याच्या तोंडावर लाकडी फळी टाकायची, की पाणी खाली सुटतं. ती फळी वेळेवर पडते की नाही हे बघतो तो पाटकरी. खांद्यावर खोरं, गुडघ्यापर्यंत चिखल आणि तोंडात शिव्या, ही दादाची कायमची मूर्ती.

आमचा बाप पाटकरी, त्याचा बापही पाटकरी. बापाने दादाला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली. "पाणी आपोआप कमी होत नसतं. कमी झालं की वर बघायचं. चोर वर असतो." आणि बापाने ते करूनही दाखवलं. मी लहान होते. ऐन उन्हाळ्यात पाट एकाएकी आटला. बाप दादाला घेऊन निघाला, आणि घरी मला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून मीही मागोमाग. दोन वस्त्यांच्या मधे, पाटाला लागून, एका तरण्याताठ्या माणसाचं शेत होतं. तो बांधावर बसून चपलेचा तुटका अंगठा शिवत होता. बापाने विचारलं, "पाणी कुठंय?" तो म्हणाला, "मला काय ठाऊक?" बापाने खोरं उलटं धरलं आणि दांडा त्याच्या नडगीवर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाप दुसऱ्या पायाकडे वळला तसा तो माणूस किंचाळला, "घेतलं! मीच घेतलं!" दुसऱ्या दिवशी पाट काठोकाठ भरून आला. आणखी काय पुरावा हवा? त्या माणसाला गाव तेव्हापासून लंगडे तात्या म्हणतं. घरी येताना दादाने माझा हात धरला होता.

आता तुम्हाला वाटेल, दादा म्हणजे नुसता राक्षस. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. माझा नवरा दरडीखाली गेला तेव्हा माझी लेक ठमी कडेवर होती. तिला दादाने वाढवलं. पाटावर जाताना तिला खांद्यावर घ्यायचा, एका खांद्यावर खोरं आणि एका खांद्यावर ठमी. तिचे केस विंचरायचा, तेही असे की पोरगी दिवसभर रडवेली. स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "बायको काय, पाट काय, दोघांनाही भर दुपारीच माझी गरज पडणार. भांडण कोण सोडवणार?" पाण्यात बोटं बुडवून तो सांगायचा की हे बर्फाचं आहे, झऱ्याचं आहे की टाकीत साठलेलं आहे. ठमी डोळे बांधून त्याची परीक्षा घ्यायची. तो कधी चुकला नाही, आणि हे तो जगाला सांगायला कधी चुकला नाही.

ठमीचं लग्नही त्यानेच जमवलं. वरच्या वस्तीतला एक सरळ, अबोल मुलगा त्याच्या हाताखाली पाटाचं काम शिकला होता. वरची फळी त्याच्याच ताब्यात आली. दादा खुशीत म्हणाला, "आता फळी घरच्याच माणसाच्या हातात. चोरी कोण करणार?"

त्यानंतर भरभराटीची वर्षं आली. उन्हाळे तापू लागले आणि ओढा असा फुगायचा की पाट फुटायचा. दगड गडगडत यायचे, पूल गेला, रस्ता गेला, पण पाणी होतं. खालच्यांनी पडीक उतार फोडून नवी शेतं काढली. जो तो दादाच्या पाठीवर थाप मारी, आणि दादा ती थाप अशी घेई जणू बर्फ त्यानेच वितळवलं. धान्याच्या कणगीला बुडाशी भोक पडलं की धान्य भरभरून बाहेर येतं, आणि घरच्यांना वाटतं सुगी आली. आमचं तसंच झालं.

हे सांगणारी एक बाई आली होती. पाणी मोजणारी. तिने ओढ्यात खुणांचा खांब रोवला, डोंगरावर जाऊन आली, आणि दुकानासमोर उभी राहून म्हणाली, "वरचं बर्फ मागे सरतंय. आधी जास्त पाणी येईल, मग कमी कमी होत जाईल. झरेसुद्धा आटतील, कारण पूर्वी बर्फ हळूहळू जमिनीत मुरायचं, आता ते भस्सकन वाहून जातं." पालथ्या घड्यावर पाणी. ती वरच्या वस्तीत मुक्कामाला होती, एवढं आमच्या लोकांना पुरलं. दादाने तिचा खांब उपटून गोठ्यात गाय बांधायला रोवला. गर्दीतून कुणीतरी दगड मारला आणि तिचं कपाळ फुटलं. टाके मीच घातले. ती रडली नाही. "तुमच्या दवाखान्याच्या नळाला पाणी कुठून येतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, मागच्या झऱ्याचं. "लक्ष ठेवा त्याच्यावर," ती म्हणाली आणि गेली.

मग पाट खरंच उतरू लागला. पहिल्या उन्हाळ्यात कुणाच्या ध्यानात आलं नाही. नंतर दुपारचा फुगवटा यायचा बंद झाला. वाटाणा शेंग धरण्याआधीच वाळला, नवी शेतं तर पेटवल्यासारखी दिसू लागली. गावाने दादाकडे बघितलं, आणि दादाने वर बघितलं. दुसरं त्याला येतच नव्हतं. दर दुपारी चढून जायचा, फळी नीट पडलेली असायची, तरी एखाद्याला झोडपून यायचा. कुणाच्या परसात चार हिरवी पानं दिसली की त्याचं टाळकं फुटलं. वरचेही काही हातात बांगड्या भरून बसले नव्हते. आमच्या एकाचा कान विळ्याने उडवला. कान टेबलावर आणि माणूस खुर्चीवर, अशा अवस्थेत मी सबंध सकाळ काढली.

चोर सापडेना तेव्हा दादाने शोध लावला की पाटालाच भोकं पाडली असणार. आमचा पाट मातीचा, तो थोडाफार झिरपायचाच. दादाने सगळ्या खालच्या वस्तीला कामाला लावून पाट सिमेंटचा करून घेतला. आता थेंब मुरणार नाही, म्हणाला. थेंब मुरला नाही. पुढच्या उन्हाळ्यात दवाखान्यामागचा झरा आटला. आधी धार बारीक झाली, मग नुसती ओल, मग दगड पांढरे पडले. सगळी खालची वस्ती त्या झऱ्याचं पाणी प्यायची.

मला त्या बाईचे शब्द आठवले. दादाला सांगायला गेले, तर तो खेकसला, "झऱ्याची नस कुणीतरी वर तोडलीय. तू पट्ट्या बांध."

नस तोडणारा त्याला सापडलाही. वरच्यांचे पिण्याच्या पाण्याचे हाल झाले तेव्हा जावयाने सगळ्यांना गोळा करून बोअर मारली होती. मोटार लावायची, पाणी एका टाकीत सोडायचं, टाकीला कुलूप, आणि घरोघरी पाळीने हंडा. बोअरचं पाणीही वरचेवर खोल जात होतं, पण ते कोण सांगणार? दादाच्या डोक्यात हिशोब जुळला. वर भोक, खाली झरा कोरडा. चोर वर असतो, आणि या वेळी तो आपला जावई आहे.

भर दुपारी तो चढून गेला. जावई मोटारीपाशी उकिडवा बसून नट आवळत होता. मागून सावली पडली तसा म्हणाला, "मामा, या, बसा." दादाने खोरं मोटारीवर घातलं. तिचे तुकडे केले. जावयाने "अहो, अहो" करत हात मधे घातला, आणि पुढचा घाव हातावर बसला. मुद्दाम की चुकून, ते दादाने कधी सांगितलं नाही. त्यानंतरचे मात्र मुद्दाम होते. लोक धावून येईपर्यंत त्याने जावयाला दांड्याने बडवला. ठमीने मधे अंग टाकलं तेव्हा थांबला.

वरच्यांनी जावयाला फळकुटावर घालून माझ्याकडे आणलं. उजवा हात मनगटाच्या वर लोंबत होता. हाड बाहेर आलेलं. पोलीसचौकी खाली, आणि रस्ता वाहून गेलेला. होतं नव्हतं ते स्पिरिट मी त्या जखमेवर ओतलं, मडक्यातलं शेवटचं पाणी वापरलं, हाड बसवलं. जावई बेशुद्ध होईपर्यंत ओरडत होता. मला त्या क्षणी माझ्या भावाचा इतका तिटकारा आला की तो समोर असता तर तीच सुई मी त्याच्या डोळ्यात घातली असती.

ठमी भिंतीला टेकून उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "आई, तुझ्या भावाला सांग. माझ्यापुरता मामा मेला. खरोखर मरेल तेव्हा मला कळवू नकोस."

अंगणात सगळी वरची वस्ती उभी होती, म्हातारीकोतारी, पोरंबाळं, कुत्रीसुद्धा. दवाखान्यात तरी कुणी अंगावर येणार नाही या आशेने, कारण खालच्या वस्तीच्या पुरुषांनी काठ्या, खोरी, रॉकेलचे डबे बाहेर काढले होते. जावयाने बोअर मारून झरा मारला, हे आता सगळ्यांना पटलं होतं, आणि वरची घरं पेटवायची असं ठरत होतं. त्या घरांत माझ्या लेकीचं घर होतं.

तेवढ्यात मागच्या दाराशी दादा आला. पायांना चिखल नव्हता. पाटात उतरला होता तरी पाय कोरडे, हे मला विचित्र वाटलं.

"वर कोण राहिलंय?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. सगळे इथं अंगणात आहेत."

"फळी?"

दारातल्या वरच्या वस्तीच्या म्हाताऱ्याने थुंकून सांगितलं, "टाकूनच निघालो. तुझ्या भीतीने."

"मोटार?"

"मोटार तू फोडलीस, दादा," मी म्हटलं.

त्याने आपले कोरडे पाय बघितले. मग लहान पोरासारखा म्हणाला, "मग पाट रिकामा का आहे?"

फळी बंद, मोटार मोडलेली, सगळे चोर माझ्या अंगणात उभे, आणि पाटात तळाशी नुसती ओली रेघ. दादा बाहेर गेला आणि काठ्या घेतलेल्या लोकांना म्हणाला, "वस्तीच्याही वर कुणीतरी बसलाय. मी पकडून आणतो. तोवर कुणी पाऊल उचलायचं नाही." दादाचा शब्द अजून चालत होता. ते म्हणाले, आण. नाही आणलास तर पेटवतो.

मी जावयाला ठमीच्या हवाली केलं आणि दादाच्या मागे निघाले. "तू कशाला?" तो म्हणाला. मी म्हटलं, "वर कुणाचं डोकं फोडलंस तर शिवायला वरच बरं. खाली आणेपर्यंत माणूस मरतो."

आम्ही ओढ्याच्या कडेकडेने चढलो. लहानपणी बाप आम्हाला ओढ्याच्या मुखापर्यंत घेऊन गेला होता. तिथे बर्फाची एक निळी गुहा होती, आतून पाणी गर्जत बाहेर यायचं, आणि बोलणं ऐकू यायचं नाही. गुहेशेजारच्या मोठ्या खडकावर बापाने लाल तैलरंगाने पंजा उठवला होता: इथून पाणी आपलं. दादाची खात्री होती की चोर त्या खडकाशी बसलेला असणार.

खडक सापडला. लाल पंजा फिका, पण होता. गुहा नव्हती. बर्फच नव्हतं. होती ती नुसती दगडांची रास, चिखल, आणि दगडांखालून कुजबुजणारं थोडं पाणी. दादा खडकाभोवती फिरला, जणू बर्फ पलीकडच्या बाजूला लपून बसलंय. मग तो जो सुटला तो सुटलाच. दगडांवरून घसरत, शिव्या देत, वर वर. मी धापा टाकत मागे. खूप वर, जिथे बापही कधी गेला नव्हता, तिथे ते दिसलं. मळकी गोधडी उन्हात टाकावी तसं, काळपट, कडा कुरतडलेलं, कड्याला चिकटून.

"कुठंय?" दादा ओरडला. "कुठं लपलाय?"

आणि तो बर्फावर तुटून पडला. खोरं डोक्यावर नेऊन घाव घालायला लागला, जसा माणसांवर घालायचा तसाच, दात ओठ खात, आईबहिणीवरून शिव्या देत. ढलप्या त्याच्या तोंडावर उडत होत्या. गालावर रक्त आलं. मी थांबवलं नाही. निदान इथे ज्याला टाके घालावे लागतील असं कुणी नव्हतं. शेवटी दांडा मधोमध मोडला, आणि तो मोडका तुकडा हातात धरून खाली बसला. त्याने घाव घातलेल्या जागेतून पाणी ठिबकत होतं. त्याने सवयीने बोटं पुढे केली, आणि मागे घेतली.

"आडातच नाही," तो म्हणाला.

"तर पोहऱ्यात कुठून येणार," मी म्हटलं.

"जावयाचा हात?"

"लिहिता यायचं नाही त्या हाताने. फळी उचलणं तर सोडच."

तो रडला. मी त्याला आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि मला जराही दया आली नाही. नंतर आली, पण तेव्हा नाही. रडून झाल्यावर म्हणाला, "खाली काय सांगू?"

"जे दिसलं ते."

"कोण ऐकेल? मीच नसतं ऐकलं."

उतरताना गावाच्या जरा वर, सिमेंटच्या पाटाची एक लादी तडकलेली होती. फटीतून ओल झिरपत होती आणि तिच्याखाली गवताचा हिरवागार पट्टा उतारावरून खाली गेला होता, थेट झऱ्याच्या दिशेने. आजूबाजूला सगळं करपलेलं. दादा तिथे इतका वेळ उभा राहिला की मला वाटलं आता फट बुजवणार. तो म्हणाला, "मातीच्या पाटातून मुरायचं ते झऱ्यात यायचं. तेच. मीच दाबला गळा." मग घरात जाऊन कुदळ घेऊन आला.

उतरत्या उन्हात, सगळ्या गावाला दिसेल असा, पाटकरी पाट फोडायला लागला. कुदळीचा आवाज ऐकून लोक धावत आले. काठ्या हातात होत्याच.

"काय करतोयस? चोर कुठंय?"

"चोर नाहीये," दादा कुदळ न थांबवता म्हणाला. "वर कुणी नाही. बर्फ संपत आलंय. बोअरने काही झालं नाही, झरा आपण मारलाय, या सिमेंटने. जे थोडं येतंय ते मुरू द्या, निदान प्यायला तरी उरेल. शेतं गेली."

दोन वस्त्यांमधलं एवढं भांडण, एवढी फुटलेली डोकी, आणि चोर नाही? गर्दीतून काठी टेकत लंगडे तात्या पुढे आले. पांढरे झालेले, वाकलेले. दादासमोर उभे राहिले.

"वर कुणी नाही म्हणतोस?"

"नाही तात्या."

"त्या उन्हाळ्यात आभाळ आलं होतं," तात्या म्हणाले. "ऊनच नव्हतं. बर्फ वितळणार कसं? दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, पाट भरला. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दुसरा पाय वाचवायला कबूल झालो. तुझा बाप वर बघत राहिला, पण आभाळाकडे नाही बघितलं त्याने." त्यांनी काठीने आपली वाकडी नडगी दाखवली. "मग माझा पाय कशासाठी मोडला रे?"

दादाने कुदळ खाली ठेवली. तात्यांनी काठी उचलली आणि त्या म्हाताऱ्या हातात होता नव्हता तेवढा जोर काढून त्याच्या कपाळावर मारली. दादाने हात वर केला नाही.

तो एक फटका न्यायाचा होता, तो पडून थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मागून कुणीतरी ओरडलं, "जावयाला वाचवतोय हा! विकला गेलाय!" दुसरा म्हणाला, "आपला पाट फोडतोय! हाच चोर!" आणि मग सगळे तुटून पडले. ज्यांच्यासाठी त्याने जन्मभर लोकांची डोकी फोडली, ते. ज्यांचे कान मी शिवले, ते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. दादा काही संन्यासी नव्हता, पण त्या दिवशी तरी तो खरं बोलत होता. खोऱ्यांचे दांडे, काठ्या, लाथा. डोक्यातून आवाज आला, मी ओळखला. मी त्याच्या अंगावर पडले, एक दांडा माझ्या खांद्यावर बसला, आणि मी ज्याच्या त्याच्या नावाने, कुणाला कुठे टाके घातलेत ते ओरडून ओरडून सांगत शिव्या घातल्या. ते थांबले. दया आली म्हणून नव्हे, दमले. रॉकेलचे डबे तिथेच पडून राहिले. त्या दिवशी वरच्या वस्तीत पेटवायला कुणी गेलं नाही. त्यांचा राग खर्च झाला होता.

तात्या आणि मी मिळून दादाला दवाखान्यात ओढत आणला. टाळू उघडी पडली होती, जखमेत सिमेंटचा चुरा आणि माती. नळ कोरडा. मडकं कोरडं. स्पिरिट जावयावर संपलेलं. घाण धुतल्याशिवाय शिवलं तर आत सडणार, हे मला ठाऊक होतं. शेजारपाजारची दारं ठोकली. कुणी उघडलं नाही, आणि उघडलं असतं तरी त्यांच्या घरात कुठे पाणी होतं? वरचे लोक केव्हाच जावयाला घेऊन परत गेले होते. शेवटी ठमीला फोन लावला. म्हटलं, "मामाचं डोकं फुटलंय. धुवायला पाणी नाही." तिने फोन ठेवून दिला.

मी कोरड्या फडक्याने माती टिपत बसले. दादा शुद्धीवर होता. "राहू दे," म्हणाला. मी म्हटलं, "गप्प बस."

बऱ्याच वेळाने दार ढकललं गेलं. ठमी आत आली, कमरेवर प्लास्टिकचा कॅन, केस सुटलेले, डाव्या हाताची बोटं सोललेली. दाराबाहेर जावई उभा होता, हात गळ्यात बांधलेला. तो आत आला नाही, पण परतही गेला नाही. त्याला चढउतार करायला कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

ठमीने मामाकडे बघितलं नाही. कॅनचं झाकण काढलं आणि मला म्हणाली, "धर डोकं."

मी डोकं धरलं. तिने धार सोडली. पाणी जखमेवरून, कानावरून, टेबलावर ओघळलं. दादाने सवयीने बोटं त्यात बुडवली.

"साठवणीचं आहे," तो म्हणाला. "टाकीतलं."

ठमी ओतत राहिली.

"मोटार तर मी फोडली. मग टाकीत आहे तेवढंच उरलंय तुमचं."

"हो."

"आज कुणाची पाळी आहे?"

"आज टाकी उघडायचीच नव्हती," ठमी म्हणाली. तिचा आवाज फाटला. "दगडाने कुलूप तोडलं. चोरलंय मामा. मी चोरलंय."

दादाने डोळे उघडले. तिची सोललेली बोटं बघितली, दाराबाहेरचा जावई बघितला. जन्मभर ज्याच्या शोधात तो डोंगर चढला, तो चोर त्याच्या उशाशी उभा होता आणि त्याच्या डोक्यातली माती धूत होता. त्याचे ओठ हलले. मला वाटलं माफी मागतो की काय.

"मग सांडू नकोस," तो म्हणाला.